दवाखान्यातल्या मुलांची खेळ-ताई व्हायचंय. नाशिकला राहून शिकता येईल का?

बकुळ_सिडको

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक होणार आहे, सवड काढून वाचा.

मी सिडकोत ९ वर्षं बालवाडीत ताई होते. बालवाडी शिक्षिकेचा कोर्स झालाय, मग मुक्त विद्यापीठातून बी.ए. पण केलं. जूनमध्ये माझा लेक, वय ६, झोक्यावरून पडला, उजव्या कोपराचं हाड मोडलं, ऑपरेशन करून दोन तारा घालाव्या लागल्या. डॉक्टरांनी हात छान बसवला, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण त्या तीन दिवसांत पोराच्या मनाचं काय झालं ते मी शेजारी बसून बघितलंय आणि ते काही केल्या डोक्यातून जात नाहीये.

सलाईन लावताना चौघांनी धरलं त्याला. सगळे म्हणत होते काही नाही होत रे, मुंगी चावते तेवढंच. मी पण तेच म्हणत होते. नंतर हा डावा हात उचलेचना. उजवा मोडलेला आणि चांगला हातही असा ताठ धरून बसलेला, घास मी भरवायचा, पाणी मी पाजायचं. दुसऱ्या दिवशी रात्री हळूच म्हणाला, सुई आत आहे ना, हात वाकवला की हाडात घुसेल. मंडळी, मलाही माहीत नव्हतं की सुई तेव्हाच काढून घेतात आणि आत फक्त मऊ प्लास्टिकची बारीक नळी राहते. घरी जाताना सिस्टरनी ती काढून दाखवली तेव्हा कळलं. दोन दिवस पोरगं उगाच घाबरून राहिलं.

आणि ऑपरेशनच्या आदल्या रात्री, तुला भूल देणार, काही कळणार नाही असं कुणीतरी सांगून गेलं, तर दिवे घालवल्यावर विचारतो, आई मी तुला विसरून जाणार का? भूल पडते म्हणजे विसरतात हे त्यानं आजीच्या तोंडून ऐकलेलं, त्याच्या दृष्टीनं बरोबरच होतं ते.

तारा काढायच्या होत्या चार आठवड्यांनी. तेव्हा मात्र मी घरीच तयारी केली. कणकेचा गोळा घेतला, त्यात दोन टूथपिक खोचल्या, वर बँडेज गुंडाळलं आणि त्याला म्हटलं आता तू डॉक्टर. पहिल्यांदा हात लावेना, मग तीन दिवसांत वीसेक वेळा तरी काढल्या असतील. मी खोटं बोलले नाही, म्हटलं ओढल्यासारखं होईल, थोडं दुखेल, तू मोठ्यानं आकडे म्हण. त्या दिवशी माझ्या मांडीवर बसून त्यानं स्वतः आकडे म्हटले आणि नऊला दोन्ही तारा बाहेर. रडला, पण घाबरला नाही. या दोन्हीत केवढा फरक असतो ते तिथे कळलं मला.

मग शोधाशोध केली तर बाहेरच्या देशांत हे काम करणारी माणसं हॉस्पिटलात पगारी असतात, हेल्थ प्ले स्पेशलिस्ट म्हणतात. मला हेच करायचंय. कोर्स कुठला, किती वर्षं, आपल्याकडे काय आहे, वयाच्या ३६व्या वर्षी सुरू करणं बरोबर आहे का, जे माहीत असेल ते सांगा.

.

गोदाकाठची_पोर

बकुळताई, मूळ पंचवटीची, ८ वर्षं इंग्लंडमध्ये हेच काम करतेय, म्हणून सविस्तर लिहिते.

इथे याला रस्ता आखलेला आहे. आधी मुलांबरोबरच्या कामाचा अनुभव, मग फाउंडेशन डिग्री, साधारण दोन वर्षांची, आणि त्यातला मोठा भाग वॉर्डात उभं राहून शिकायचा. पास झालं की या कामाच्या व्यावसायिक रजिस्टरवर नाव लागतं. अमेरिकेत याच कामाला चाइल्ड लाइफ म्हणतात. तिथे पदवी, त्यात ठरावीक विषय, ६०० तासांची हॉस्पिटलातली इंटर्नशिप आणि शेवटी परीक्षा असा क्रम आहे.

पण तुम्हाला एक सांगावंसं वाटतं. अमेरिकेत १९५५ मध्ये क्लीव्हलंडच्या सरकारी हॉस्पिटलात हे काम ज्यांनी उभं केलं त्या एम्मा प्लँक मूळच्या व्हिएन्नाच्या माँटेसरी शिक्षिका, डॉक्टर नाहीत, नर्स नाहीत. आणि माँटेसरी आपल्या मातीत उतरवली ती तर गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडकांनी, आधी भावनगरला आणि पुढे ताराबाईंनी बोर्डी-कोसबाडला. म्हणजे तुम्ही बालवाडीतून या कामाकडे येताय ते आडवाटेनं अजिबात नाही, हमरस्त्यानं येताय. वयाचं तर मनातून काढूनच टाका, माझ्या वर्गात ४५ची बाई होती आणि आमच्यात सगळ्यात चांगली तीच.

इंग्लंडमध्ये एकेकाळी आईबापांना वॉर्डात येऊच देत नसत, आठवड्यातून एखाद दिवस भेट. १९५९ ला प्लॅट समितीचा अहवाल आला, त्यात म्हटलं की पालकांना येऊ द्या, मुलांच्या खेळाची सोय करा. १९६३ ला लंडनच्या ब्रुक हॉस्पिटलात सेव्ह द चिल्ड्रन या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं खेळाची पहिली योजना सुरू केली. आपल्याकडे आई पलंगाखाली चटई टाकून झोपलेलीच असते. ही आपली केवढी जमेची बाजू आहे ते इथे आल्यावर कळलं मला.

आणि एक घोळ आत्ताच मिटवा. प्ले थेरपिस्ट वेगळा. तो मनाला बसलेल्या घावावर आठवडे-महिने ठरवून उपचार करतो, त्याचं शिक्षण वेगळं. आपण मुलाला उद्याच्या सुईसाठी, टाक्यांसाठी, भुलीसाठी, एमआरआयच्या आवाजासाठी तयार करतो, ते चालू असताना सोबत राहतो आणि नंतर त्याला ते खेळून बाहेर काढू देतो. स्वतःला थेरपिस्ट म्हणवून घेऊ नका कधी.

.

तात्या_सिन्नर

ताई तुमची कळकळ पोचली. पण एक बाप म्हणून आणि घर चालवणारा म्हणून विचारतो, पगार कोण देणार? आपल्याकडे वॉर्डात एका सिस्टरकडे तीस-तीस पोरं, औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन नातेवाईक पळतायत, तिथे खेळणारी बाई ठेवा म्हटलं तर मॅनेजमेंट ऐकेल का? नऊ वर्षांचा अनुभव आहे, शाळेत हक्काची नोकरी मिळेल तुम्हाला. मोडता घालायचा हेतू नाही, पण तुमच्या घरचं गणित बसलं पाहिजे असं वाटतं म्हणून लिहिलं.

.

सफेद_चाफा

तात्या, तुमचा प्रश्न बरोबर आहे, पण वॉर्डाच्या आतून उत्तर देते. मी १४ वर्षं मुलांच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे, कुठे ते सांगत नाही.

रडणाऱ्या, लाथा मारणाऱ्या मुलाला सलाईन लावायला तीन माणसं आणि वीस मिनिटं जातात, शीर फुटते, परत दुसरीकडे टोचावं लागतं. तेच मूल शांत असलं तर एकटी लावते मी पाच मिनिटांत. म्हणजे खेळणारी बाई आमचं काम वाढवत नाही, कमी करते. हे मॅनेजमेंटला सांगायचं असेल तर महिनाभर एका वहीत लिहून ठेवा, किती वेळा टोचलं, किती माणसं लागली. वही दाखवली की ऐकतात.

बकुळताई, तुमच्या मुलाला आडवं पाडून धरलं ना, ते आम्ही सगळेच करतो कारण तसंच शिकलो. दोन वर्षांपूर्वी एका नवीन डॉक्टर मॅडमनी दाखवलं की मुलाला आईच्या मांडीवर बसवायचं, छातीला छाती लावून, पाय आईच्या कमरेला दोन्हीकडून, आईनं मिठी मारायची आणि टोचायचा हात तेवढा बाजूनं बाहेर काढून उशीवर. मूल उभं बसलेलं असलं की निम्मी भीती जाते, आडवं पाडलं की त्याला वाटतं आता आपलं काही खरं नाही. आणि आईलाही काम मिळतं, नाहीतर ती बिचारी दाराबाहेर कानावर हात ठेवून उभी असते.

आणखी एक विनंती सगळ्या पालकांना, माझी नाही, आमच्या सगळ्या सिस्टरांची. घरी जेवत नाही म्हणून 'थांब, सिस्टरला सांगते सुई टोचायला' हे म्हणणं बंद करा हो. तीन-चार वर्षांच्या मुलाला तसंही वाटत असतं की आपण काहीतरी वाईट वागलो म्हणून आजारी पडलो, त्यात ही भर. मग आम्ही नुसतं ताप बघायला गेलो तरी किंचाळतात.

.

डॉ_पावसाळा

मी बालरोगतज्ज्ञ, नाशिकमध्येच. चर्चा आवडली, पण यात ज्या गोष्टींवर डॉक्टर म्हणून मी अडून बसेन त्या सांगतो, म्हणजे ताई जिथे जातील तिथे आधीच तयारीनं जातील.

संसर्ग. ज्या मुलांची प्रतिकारशक्ती कमी आहे तिथे केसाळ टेडी, मातीकाम, एकानं खेळलेली कणीक दुसऱ्याला, हे काही चालणार नाही. खेळणी धुता-पुसता येणारी हवीत, प्रत्येक मुलानंतर पुसलेली हवीत. तुम्ही स्वतः हिपॅटायटीस बी, गोवर, कांजिण्या यांच्या लसी झाल्यात का ते बघून घ्या, आणि सर्दी-खोकला असेल त्या दिवशी वॉर्डात पाऊल नाही.

आपल्याकडे ग्लोव्ह फुगवून कोंबडी करून देतात ना मुलांना, प्रेमानं करतात, पण लहान मुलाच्या घशात फुटलेल्या रबराचा तुकडा अडकू शकतो आणि काही मुलांना लेटेक्सची ॲलर्जी असते, विशेषतः मणक्याच्या जन्मजात व्यंगाची ज्यांची वारंवार ऑपरेशन्स झालीत त्यांना. त्यापेक्षा साबणाचे फुगे किंवा भिरभिरं. लांब श्वास सोडायला लागतो आणि तेच आम्हाला हवं असतं.

ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या मुलासमोर भातुकली मांडू नका. सहा तास खायचं नाही आणि समोर प्लास्टिकचा लाडू, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

बधिर करायचं मलम आपल्याकडे मिळतं, पण लावल्यापासून परिणाम व्हायला साधारण तासभर लागतो, ऐनवेळी लावून उपयोग नाही. ही आठवण करून देणारं माणूस वॉर्डात असेल तर मला फार मोठी मदत.

मुलांचे फोटो नाहीत, नाव-आजार बाहेर कुठे बोलायचा नाही, या धाग्यावरही नाही. पोक्सो कायदा २०१२ चा आहे, त्यात मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती किंवा शंका असेल तर कळवणं बंधनकारक आहे. खेळताना मुलं असं काही सांगून जातात जे डॉक्टरला कधीच सांगणार नाहीत, तेव्हा कुणाला सांगायचं हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. मुलांच्या मदतीचा १०९८ नंबर पाठ हवा.

कोर्सचं म्हणाल तर भारतात राहून पायाभूत शिक्षण घ्यायचं तर मानव विकास, मानसशास्त्र किंवा समाजकार्य. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करून वैद्यकीय समाजसेवेकडे गेलात तर हॉस्पिटलात त्या पदाला मान्यता आहे, त्या खुर्चीत बसून हे काम करता येतं.

.

द्राक्षबाग

दिंडोरी तालुक्यातला शेतकरी आहे, टायपिंग सवकाश चालतं, समजून घ्या.

माझ्या मुलीला पाचव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर निघाला, अडीच वर्षं उपचार चालले, मुंबईला. आता ती अकरा वर्षांची आहे, शाळेत जाते. पाठीच्या मणक्यात सुई देतात त्याची तिला एवढी दहशत होती की गाडी कसारा घाटाला लागली की उलट्या सुरू. औषधाच्या नव्हे, भीतीच्या. तिथं एक बाई यायच्या, काय पदवी होती त्यांची मला माहीत नाही. त्यांनी तिला एक साधी कापडी बाहुली दिली, तोंड पण काढलेलं नाही. म्हणाल्या तोंड तू काढ. हिनं रडकं तोंड काढलं. मग बाहुलीला कुशीवर कसं झोपवायचं, गुडघे पोटाशी कसे घ्यायचे, मांजर झोपतं तसं, हे सगळं त्यांनी शिकवलं आणि नंतर बाहुलीला सुई देणारी ही. कितीदा दिली त्याला गणती नाही. चांगली जोरात द्यायची. मला वाटायचं हे काय भलतंच, पण त्या म्हणाल्या देऊ द्या, तिचा राग आहे तो.

पुढं पुढं ती स्वतःच मांजरासारखी झोपायची, सिस्टर म्हणायच्या हिला सांगावं लागत नाही. बाहुली अजून घरात आहे, कापड काळं पडलंय, पाठीला भोकंच भोकं, टाकू देत नाही. त्या बाईंचे उपकार मी कसे फेडणार. ताई तुम्ही हे काम करा. पैशाचं तात्या बोलले ते खरंय, पण करा.

.

तात्या_सिन्नर

दादा, वाचून गप्प झालो. पोरीला आशीर्वाद.

.

बकुळ_सिडको

सगळ्यांचे आभार, द्राक्षबाग दादांची पोस्ट मी घरात सगळ्यांना वाचून दाखवली.

दोन महिन्यांनी लिहितेय. डॉक्टर म्हणाले तसं लसींचे कागद, पोलीस पडताळणी, अर्ज सगळं घेऊन चार ठिकाणी गेले. दोन ठिकाणी गेटवरून परत, एका ठिकाणी म्हणाले वाढदिवसाला खेळणी वाटायची असतील तर वाटा. चौथ्या ठिकाणी, एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात, मेट्रनबाईंनी ऐकून घेतलं आणि आठवड्यातून तीन दिवस, सकाळी दहा ते एक, असं विनामोबदला बघू म्हणाल्या.

बाहुल्या मी मांजरपाटाच्या शिवल्या. वीतभर उंच, आत धुतलेला कापूस, तोंड कोरं. रविवार कारंजावरून कापड आणलं, एका मीटरमध्ये पाच बसतात. एका मुलाला एक, ती त्यानं घरीच न्यायची, म्हणजे संसर्गाचा प्रश्नच नाही.

पहिला दिवस मात्र चुकला माझा. बालवाडीची सवय, गेले आणि टाळ्या वाजवून गाणं सुरू केलं. एक मुलगी होती सात-आठ वर्षांची, भाजलेली, पाय पूर्ण गुंडाळलेला, तिनं तोंड भिंतीकडे केलं ते मी जाईपर्यंत वळवलं नाही. घरी येऊन झोप लागली नाही. बालवाडीत मूल आपल्याकडे येतं, इथे ते पलंगाला खिळलेलं असतं, जाणार कुठं, तोंडच फिरवणार. गोदाकाठताई, अशा वेळी काय करता तुम्ही?

.

गोदाकाठची_पोर

काही करत नाही. खरंच. खुर्ची घेऊन बसायचं, पलंगापासून हातभर लांब, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि आपलं आपण काहीतरी करत राहायचं, बाहुलीला बँडेज गुंडाळ, रंग काढ. बोलायचं नाही. हॉस्पिटलात मुलाला 'नको' म्हणता येईल असं माणूस एकही नसतं, डॉक्टरला नको म्हणून चालत नाही, सिस्टरला नाही, आईला नाही. तुम्ही तेवढं एक माणूस व्हा. आम्हाला पहिल्या वर्षी हेच शिकवतात. मुलाला खरी निवड द्या पण खोटी देऊ नका. 'ड्रेसिंग करायचं का?' हे विचारायचंच नाही, कारण ते होणारच आहे. 'आधी पायाच्या खालच्या बाजूचं की वरच्या' हे विचारायचं. 'बघणार की तोंड फिरवणार' हे विचारायचं.

अजून एक, ड्रेसिंग चालू असताना एकानंच बोलायचं. आई, मामा, सिस्टर, वॉर्डबॉय सगळे एकदम 'झालं झालं' करतात त्यात पोर बुडून जातं. आणि लहान मुलाला अगदी पाच-दहा मिनिटं आधी सांगा, मोठ्याला आदल्या दिवशी, म्हणजे त्याला प्रश्न विचारायला रात्र मिळते.

रोज वही लिहा. वय, काय होणार होतं, तुम्ही काय केलं, मुलानं काय केलं. तुमचा अभ्यासक्रम हाच, आणि पुढे कुठे अर्ज केलात तर ही वहीच दाखवायची.

.

अंगणवाडी_पेठ

मी पेठ तालुक्यात अंगणवाडी सेविका. बकुळताई, ती मुलगी आमच्याकडची किंवा सुरगाण्याकडची असेल असं मला वाटतं, नसली तरी सांगते. आमची मुलं घरी कोकणा बोली बोलतात. नाशिकच्या दवाखान्यात गेल्यावर सगळे शहरी मराठीत भराभर बोलतात, वर सलाईन, ड्रेसिंग, एक्स-रे. मूल गप्प बसतं, मग लोक म्हणतात लाजाळू आहे. लाजाळू नसतं, कळलेलं नसतं. आईला पण कळलेलं नसतं, तीही मान हलवते. आईला आधी पलंगापासून बाजूला नेऊन शांतपणे सांगा, मग आईच्या तोंडून मुलाला सांगू द्या. आणि प्लास्टिकच्या डॉक्टर-सेटपेक्षा बाहुलीला हातात घेऊ द्या, चिंधी बांधणं आमच्या मुलांना जन्मापासून येतं.

.

बकुळ_सिडको

अंगणवाडीताई, अंदाज बरोबर होता तुमचा. कुठली ते लिहीत नाही, डॉक्टरांनी सांगितलंय ना.

तिच्या आईला कँटीनच्या बाकावर घेऊन बसले आणि ड्रेसिंगमध्ये काय काय होतं ते बाहुलीवर करून दाखवलं. पट्टी ओली करून मगच का सोडतात ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं, तिला वाटत होतं पाणी टाकून मुद्दाम झोंबवतात. संध्याकाळी तिनं तेच लेकीला तिच्या भाषेत दाखवलं. मी तिथे नव्हते, सिस्टरनी सांगितलं.

मी चार दिवस नुसती बसले. पाचव्या दिवशी मी बाहुलीच्या पायाला पट्टी बांधत होते ती सैल झाली, आणि मागून हात आला, पट्टी ओढून घेतली आणि नीट आवळून गाठ मारून परत दिली. एक शब्द नाही. पुढच्या ड्रेसिंगला मी विचारलं वरून की खालून, तिनं खाली बोट दाखवलं. सिस्टर थांबल्या तिच्यासाठी, ओली पट्टी तिला स्वतःला सोडवू दिली, शेवटचा थर तेवढा त्यांनी काढला. ओरडली, रडली, पण एकदाही पाय ओढून घेतला नाही. नेहमी चार जण धरायचे, त्या दिवशी आई आणि मी. वहीत लिहिलंय, सफेद_चाफाताई.

दोन महिन्यांची वही मेट्रनबाईंनी ट्रस्टींना दाखवली. दिवाळीनंतर आठवड्याचे चार दिवस आणि महिना १२ हजार असं ठरलंय, वर्षभर बघू म्हणालेत. तात्या, शाळेपेक्षा कमी आहे, पण घरातल्यांनी हो म्हटलंय. पुढच्या वर्षी एमएसडब्ल्यूला बसणार, तोवर गोदाकाठताई रविवारी व्हिडिओ कॉलवर माझी वही तपासून देणारेत.

एक काम आहे. महिन्याला पन्नासेक बाहुल्या लागतायत, एकटीनं होत नाही. शनिवारी दुपारी तीनला माझ्याकडे शिवायला बसतो, कात्री आणि सुई घेऊन या, कापड-कापूस आहे. तोंड कुणी काढू नका, कोरंच ठेवायचं. येणाऱ्यांनी इथेच कळवा, पत्ता मेसेज करते.

.

द्राक्षबाग

मुलगी म्हणते मी येणार. शनिवारी आणतो तिला. तिला टाका बारीक घालता येतो.